आजीचा पाय घसरण्याआधी

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण घरातले म्हातारे माणूस पडले की आपण शहाणे होतोच असे नाही. ‘वय झाले, आता पडायचेच,’ असे म्हणून आपण तेल चोळतो, चार दिवस बाजेवर निजवतो आणि विसरून जातो. पुढच्या खेपेला तेच माणूस पडते तेव्हा खुब्याचे हाड मोडलेले असते, आणि मग सारे घरच आडवे होते.

वाचकहो, म्हातारपणी तोल कमी होतो हे खरे. पण म्हातारपणी पडलेच पाहिजे असे कोठेही लिहून ठेवलेले नाही. बहुतेक पडण्याला कारण असते. ते कारण घरात सापडते, पायांत सापडते, डोळ्यांत सापडते किंवा औषधाच्या पुडीत सापडते. कारण सापडले की इलाजही सापडतो, आणि बराचसा इलाज घरच्या घरी, थोड्या खर्चात होण्यासारखा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, आणि साठीच्या पुढची माणसे त्यांत सर्वांत जास्त असतात. पासष्टीच्या पुढच्या दर तीन-चार माणसांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. तुमच्या पाड्यावरची म्हातारी माणसे मोजा, म्हणजे हा आकडा किती जवळचा आहे ते कळेल.

सुरगाण्याच्या घरात आजीवर किती भार असतो

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सरहद्दीला लागून आहे. डोंगरउताराची जमीन, पावसाळ्यात धो धो पाऊस, भात, नागली आणि वरईची शेती, विखुरलेले पाडे. खरिपाचे पीक घरात आले की पुष्कळ घरांतली तरणी माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या बागांत जातो, कोणी नाशिकला बांधकामावर, कोणी गुजरातेत. मागे घरात राहतात आजा-आजी, शाळेत जाणारी नातवंडे, दोन बैल आणि कोंबड्या.

म्हणजे त्या दिवसांत घर उभे असते ते आजीच्या पायांवर. ती चूल पेटवते, पाणी आणते, नातवाला शाळेत धाडते, गुरांना चारा टाकते. ती पडली तर तिला दवाखान्यात नेणारे कोणी जवळ नसते. शिवाय मुलाला आणि सुनेला काम टाकून परत यावे लागते, मजुरी बुडते, उचल घेतलेली असेल तर ती अंगावर राहते, आणि नातवंडांची शाळाही सुटते. एका पाय घसरण्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते. म्हणून आजीचा तोल हा घराच्या शेतीकामाइतकाच महत्त्वाचा विषय आहे.

बसवून ठेवणे हा इलाज नव्हे

आई एकदा पडली की मुलगा प्रेमाने म्हणतो, ‘आता तू काही करू नको, एका जागी बस.’ यात माया आहे, पण शहाणपण नाही. म्हातारे माणूस एका जागी बसले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे बळ फार लवकर उतरते. बळ उतरले की तोल जातो, तोल गेला की भीती वाढते, भीती वाढली की ते आणखी बसते. अशा रीतीने पडू नये म्हणून बसवलेले माणूस पुढच्या वेळी हमखास पडते.

दुसरी गोष्ट अशी की, ‘बसून राहा’ असे ऐकावे लागेल या धास्तीने म्हातारी माणसे पडलेलेही सांगत नाहीत. गुडघ्याचा सूज आलेला भाग लुगड्याखाली लपवतात. म्हणून रागावून विचारू नका. ‘आई, यंदाच्या पावसात पाय कुठे कुठे घसरला?’ असे सहज विचारा. जेथे एकदा घसरला तेथे पुन्हा घसरण्याचा संभव असतो. तीच जागा आधी दुरुस्त करायची.

म्हणून करायचे ते असे: आजीचे चालणे थांबवायचे नाही, तिची वाट नीट करायची आणि तिचे पाय बळकट ठेवायचे.

आधी वाट पाहून घ्या

एखाद्या संध्याकाळी, दिवे लागणीच्या वेळी, आजीच्या मागोमाग घरातून चाला. बाजेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून परसातल्या संडासापर्यंत आणि तेथून गोठ्यापर्यंत. ती कोठे हात टेकते, कोठे थबकते, कोठे पाय चाचपते ते पाहा.

उंबरा: जुन्या घरांचा उंबरा उंच असतो. तो काढता येत नसेल तर त्याच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढा, म्हणजे अंधुक उजेडातही दिसेल. शेजारी हाताला धरायला एक मजबूत दांडा ठोका.

ओटा आणि पायऱ्या: ओट्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असाव्यात. एक उंच आणि एक ठेंगणी असली की पाय चुकतो. हलणारा दगड आजच पक्का करा. एका बाजूला सागाचा किंवा बांबूचा कठडा बसवा. बांबू आपल्या भागात मिळतो, कठडा घरचे माणूस अर्ध्या दिवसात बसवू शकते. मात्र तो अंगाचा भार टाकून हलवून पाहा. डुगडुगणारा कठडा नसलेल्यापेक्षा वाईट.

अंगण आणि पाणवठ्याची वाट: पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरते. ते खराट्याने आणि राखेने घासून काढा. वाटेवर जाडसर मुरूम किंवा खडी टाकून ती दाबून घ्या. सांडपाणी वाटेवरून वाहत असेल तर चर काढून ते परसबागेकडे वळवा. भाजीलाही पाणी मिळेल.

मोरी आणि संडास: पुष्कळांची आता घरकुलाची पक्की घरे झाली आहेत. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण ओली झाली की पाय टिकत नाही. शेणाने सारवलेली जमीन कोरडी असताना पाय धरते, फरशीला तो गुण नाही. नवे घर बांधत असाल तर गवंड्याला आधीच सांगा, मोरीत आणि संडासात खरबरीत फरशी किंवा रेघा ओढलेला सिमेंटचा गिलावा करावा. जुन्या मोरीत खरबरीत रबरी चटई घाला. संडासात उकिडवे बसून उठताना सर्वांत जास्त जोर लागतो. म्हणून समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीत लोखंडी दांडा पक्का बसवा. गुडघे फारच धरले असतील तर बसायला मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते.

गोठा: दावे वाटेत लोळू देऊ नका. मूत वाहून जाईल असा उतार ठेवा. आजीला बैलाच्या दोन्ही बाजूंनी जाण्याची वेळ येऊ नये अशा ठिकाणी चारा ठेवा. मारका बैल असेल तर ते काम शेजारच्या माणसाकडे द्या.

माळा: नागलीची पोती, कांद्याच्या जाळ्या, सणासुदीची भांडी माळ्यावर असतात. म्हातारे माणूस शिडीवर चढणार नाही असा घरात नियमच करा. रोजच्या वापराच्या वस्तू कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत मांडा. पाणी मोठ्या हांड्यात न भरता लहान कळशांत भरा. भरलेला हांडा डोक्यावर घेऊन ओल्या उतारावरून येणे साठीनंतर नको.

उजेड: साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीच्या माणसाच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा दिवा आजीला पुरत नाही. मोरीच्या वाटेवर एक दिवा रात्रभर राहू द्या. पावसात वीज जातेच, म्हणून बॅटरी उशाशी, हात टाकला की सापडेल अशी ठेवा. फळीवर ठेवलेली बॅटरी अंधारात शोधायला जाताना माणूस पडते.

पायांचे बळ कमावता येते

‘ऐंशीव्या वर्षी कसला व्यायाम?’ असे तुम्ही म्हणाल. न्यूझीलंड देशात ओटागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न घेतला. ८० वर्षे आणि त्यापुढच्या बायकांना त्यांनी घरच्या घरी करायचे पायांचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास व्यायाम, आणि जोडीला चालणे. १९९७ साली या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. यंत्र नाही, गोळी नाही.

आपल्या घरात हे व्यायाम असे करता येतात. जवळ एक माणूस उभे असावे. धरायला घराचा पक्का खांब असावा. जेवण झाल्यावर लगेच करू नयेत.

१. पक्क्या खुर्चीवर किंवा बाजेच्या काठावर बसून उभे राहायचे आणि सावकाश पुन्हा बसायचे. आधी हाताचा आधार घेऊन, जमू लागले की आधाराविना. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जावे.

२. खांब धरून टाचा उचलायच्या, चवड्यांवर उभे राहायचे, सावकाश खाली यायचे. दहा वेळा.

३. खांब धरून एका पायावर उभे राहायचे. दहा आकडे मोजायचे. मग दुसरा पाय.

४. भिंतीला हात लावून एका पावलाच्या चवड्यापुढे दुसऱ्या पावलाची टाच टेकत, बांधावरून चालल्यासारखे दहा पावले चालायचे.

५. खांबापासून खांबापर्यंत, भिंतीचा आधार घेत, आडवे आडवे चालायचे. जायचे उजवीकडे, यायचे डावीकडे.

छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. गुडघा जरा कुरकुरतो म्हणून सोडू नये. नातवाला आकडे मोजायला बसवा. त्याचे पाढे पक्के होतात आणि आजीही टाळाटाळ करत नाही.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात फेर धरून नाचणारी म्हातारी माणसे आपण पाहतो. पाय तालात टाकणे, वळणे, पुन्हा सावरणे हाही तोलाचाच अभ्यास आहे. ज्यांना झेपते त्यांना ‘आता तुमचे वय नाही’ म्हणून अडवू नका.

पायांबरोबर हाडेही हवीत. आपल्या नागलीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नागलीच्या पासंगालाही पुरत नाही. रेशनचा तांदूळ-गहू येऊ लागल्यापासून पुष्कळ घरांतून नागलीची भाकर मागे पडली. आजीच्या ताटात ती पुन्हा येऊ द्या. सोबत उडदाची डाळ, अंडे, सुकट, असेल तर दूध असावे. नुसत्या भातावर स्नायू टिकत नाहीत. सकाळ-दुपार थोडा वेळ अंगावर ऊनही घ्यावे.

डोळे, औषधे आणि पायताण

मोतीबिंदू वाढला की पायरी आणि सावली यांतला फरक कळत नाही. सरकारी दवाखान्यांमार्फत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईंना विचारून तपासणीचा दिवस धरा. ‘आता किती दिवस राहिले, कशाला डोळे करायचे?’ असे आजी म्हणेल. तिला सांगा की, डोळे झाले तर हाड वाचेल.

रक्तदाबाच्या, झोपेच्या आणि काही इतर गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येते. साखरेची गोळी घेऊन वेळेवर न जेवल्यासही झापड येऊन माणूस पडते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि ‘उठताना चक्कर येते’ हे स्पष्ट सांगा. बरोबरीने एक सवय लावा: झोपेतून उठल्यावर आधी बाजेच्या काठावर बसायचे, पाय हलवायचे, थोडा दम खायचा, मग उभे राहून दहा आकडे मोजायचे आणि मगच पाऊल टाकायचे.

रात्री लघवीला उठताना पुष्कळ जण पडतात. म्हणून दिवसभराचे पाणी तोडू नका. ते दिवसाउजेडी जास्त आणि झोपताना कमी प्यावे. मुसळधार पावसाच्या रात्री बाजेजवळ झाकणाचे भांडे ठेवायला संकोच कसला?

मोहाच्या दारूबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. म्हातारपणी ती थोडीही जास्त चढते, आणि गोळीवर घेतली तर तोल राहतच नाही. आजाला एवढे तरी पटवा की, घेऊन झाल्यावर अंधारात एकट्याने पाड्यावर परतायचे नाही.

तळ झिजलेली रबरी चप्पल चिखलात घात करते. तळाला खाचा असलेले आणि मागे पट्टा असलेले पायताण घ्यावे. काठी घेण्यात कमीपणा नाही. हात सरळ सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाशी यावी, टोकाला रबरी टोपी असावी, आणि ज्या पायात दुखणे असेल त्याच्या विरुद्ध हातात काठी धरावी.

पडलेच तर

घाईने ओढून उठवू नका. शुद्ध आहे का, डोक्याला लागले का, पाय हलवता येतो का ते आधी पाहा. कोठेच फारसे दुखत नसेल तर माणसाने कुशीवर वळावे, हात-गुडघ्यांवर यावे, रांगत ओट्यापर्यंत किंवा बाजेपर्यंत जावे आणि तिला धरून सावकाश उठावे. ही रीत पडण्याआधीच एकदा करून दाखवावी.

जांघेत किंवा खुब्यात जोराची कळ येत असेल, उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडले असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे धरून चाला. चोळू नका, ओढू नका, झाडपाला बांधून दिवस घालवू नका. दोन्ही पायांमध्ये गोधडीची घडी ठेवून पाय एकमेकांना सैलसर बांधा, अंगावर घोंगडी घाला आणि १०८ क्रमांकाला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत धावते. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर झोळीत दुमडून न नेता रुंद फळीवर किंवा बाजेवर सरळ निजवून रस्त्यापर्यंत न्या.

खुब्याच्या हाडाला बहुधा शस्त्रक्रिया लागते, आणि ती पहिल्या दोन दिवसांत झालेली चांगली. खाटेवर पडून राहिले तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठते. माणूस हाडाने जात नाही, या पडून राहण्याने जाते. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, बरळणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काही त्रास दिसण्याची वाटही पाहू नये.

खर्चाची धास्ती घेऊन थांबू नका. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय केली आहे. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवा. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वर्षाचे उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, वॉकर, संडासची खुर्ची अशा वस्तूंसाठी ३ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. अर्ज केव्हा घेतात याची चौकशी ग्रामसेवकाकडे किंवा समाज कल्याण कार्यालयात करावी.

कामावर निघण्याआधी

ट्रकमध्ये बोचकी चढवण्याआधी या गोष्टी झाल्या आहेत का ते पाहा. सरपण फोडून कोरड्या जागी, चुलीच्या हाताशी रचले आहे. महिन्याच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. बॅटरीत सेल आहेत. वाटेत पोती, नांगर, दोरखंड नाहीत. आजीचा मोबाईल फळीवर न राहता तिच्या कमरेच्या पिशवीत आहे, आणि मोबाईलला रेंज नसेल तर बाजेजवळ वाजवायला एक जुने ताट टांगले आहे. नातवाला १०८ हा आकडा पाठ आहे. जीप कोणाची आहे आणि रात्री त्याला उठवायला कोण जाईल हे ठरले आहे.

सर्वांत मोठी गोष्ट शेजाऱ्याची. सकाळी चहाच्या वेळी आणि संध्याकाळी दिवे लागताना, अशी दोनदा कोणीतरी हाक मारावी. ‘आजी, उठली का?’ एवढेच. हाकेला ओ आली नाही तर आत जाऊन पाहावे. पडलेले माणूस तासन् तास जमिनीवर राहिले तर गारठ्याने आणि तहानेनेच अर्धे होते. ज्या घरची माणसे गावातच आहेत त्यांनी बाहेर गेलेल्या घरांसाठी हे करावे. पुढच्या साली उलट पाळी येईलच. त्याला पैसा लागत नाही.

पावसाळा तोंडावर असेल तर शेवाळापासून सुरुवात करा, सुगी संपत आली असेल तर सरपणापासून. सगळे एकदम होणार नाही. पण या आठवड्यात एक दांडा ठोका, एक दिवा लावा आणि आजीला खांब धरून दहा वेळा टाचा उचलायला सांगा.